हार्ड डिस्क अचानक उघडेनाशी झाली तर: आधी नक्कल, मग दुरुस्ती

काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालणारी डिस्क आज उघडत नाही. ड्राइव्हवर क्लिक केलं की वरच्या चौकटीतली हिरवी पट्टी नुसती सरकत राहते, किंवा ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी सूचना समोर येते. ओळखीतले लोक अशा डिस्क घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उघडेनाशी झाल्यावर काय काय करून पाहिलंत? उत्तरही बहुधा ठरलेलंच असतं. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) चालवली, मग रिकव्हरीचं कुठलं तरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकलं, मग रात्रभर चालू ठेवली.

एका मित्राच्या डेस्कटॉपमधली डिस्क अशीच आली होती. त्याने तीनदा चेकडिस्क चालवली आणि तिन्ही वेळा ती अर्ध्यात तुटली. त्याच्या फोल्डरांच्या जागी ‘फाउंड.०००’ नावाचं एक फोल्डर उरलं होतं आणि त्यात नावं हरवलेल्या हजारो ‘सीएचके’ फाइली. डिस्कचा आरोग्य-अहवाल उघडून पाहिला, तर खराब सेक्टर (डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य. केबलवरच्या चुकांचा आकडा मात्र शेकड्यांत. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल होती. दुरुस्ती सुरू करण्याआधी ती बदलली असती तर त्याच्या फाइली जागच्या जागी राहिल्या असत्या.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. ते विंडोज धरून लिहिले आहेत. मॅकवर किंवा लिनक्सवर खिडक्यांची नावं वेगळी असतील, क्रम तोच.

## टप्पा १: आधी थांबा आणि तयारी करा

डिस्कवर काहीही लिहिलं जाणार नाही, हा पहिला नियम. नवी फाइल नाही, सॉफ्टवेअर नाही, फॉरमॅट नाही, दुरुस्ती नाही. ‘फॉरमॅट करायची का?’ या प्रश्नाला ‘रद्द करा’ एवढंच उत्तर. क्विक फॉरमॅट चुकून झालंच तर बराचसा डेटा निघू शकतो, कारण त्यात मुख्यतः फाइलींची यादी नव्याने लिहिली जाते. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून संपूर्ण पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) शून्यं लिहीत जातं. त्यानंतर काढायला काही उरत नाही.

मग या गोष्टी जमवा:

- नक्कल ठेवण्यासाठी दुसरी डिस्क, बिघडलेल्या डिस्कच्या पूर्ण क्षमतेहून मोठी. आत डेटा किती आहे हे बघू नका, डिस्क केवढी आहे ते बघा.
- नक्की चालते अशी दुसरी केबल.
- शक्य असेल तर दुसरा कम्प्युटर.
- कागद-पेन. जो संदेश आला तो शब्दशः लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा.

संदेश लिहून घेणं लोकांना फालतू वाटतं, पण निम्मं निदान तिथेच होतं. ‘ॲक्सेस डिनाइड’ हा बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न असतो, डिस्क ठणठणीत असू शकते. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ किंवा ‘आयओ डिव्हाइस एरर’ आला, तर वाचतानाच अडथळा येतोय, म्हणजे केबल किंवा खुद्द डिस्क. ‘फॉरमॅट करा’ याचा अर्थ विंडोजला डिस्क दिसते आहे, पण त्यावरची फाइल सिस्टिम (फाइली कुठे आहेत याची मांडणी) ओळखता येत नाही.

इशारा: आतली डिस्क असेल आणि कम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर विंडोज कधी कधी आपणहून डिस्क तपासणी सुरू करतं. काळ्या पडद्यावर काही सेकंद उलट मोजणी दिसते. तेवढ्यात कुठलीही की दाबून ती थांबवा.

## टप्पा २: डिस्क कानाला लावा

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे आणि तो सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो. खोलीतला पंखा बंद करा, डिस्क टेबलावर ठेवून जोडा आणि ऐका. निरोगी डिस्क हलक्या घरघरीने वेग धरते, एखाद-दोन बारीक टकटक होतात आणि मग एकसारखा मंद आवाज राहतो.

ठरावीक अंतराने खट… खट… खट… असा आवाज येत असेल, तर डिस्कचे हेड (फिरत्या तबकडीवरचा डेटा वाचणारे भाग) आपली जागा शोधताहेत आणि त्यांना ती सापडत नाही. लगेच वीज काढा. हेड तबकडीच्या वर फक्त काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतात. बिघडलेलं हेड तबकडीला घासलं, तर डेटा ज्या थरावर आहे तो थरच खरवडला जातो. खरवडलेला थर कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

बारीक गुणगुण किंवा बीपसारखा आवाज आला आणि तबकडी फिरतच नसेल, तर दोन शक्यता: वीज अपुरी, किंवा मोटर अडकलेली. पहिली पुढच्या टप्प्यात तपासता येते. आवाजच नसेल, हाताला थरथरही जाणवत नसेल, तर वीज पोहोचत नाही किंवा डिस्कचं सर्किट बोर्ड गेलं आहे.

इशारा: डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका, टेबलावर आपटू नका, स्क्रू काढून आत डोकावू नका. फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या डिस्कवर दव धरतं. तसाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड बसवण्याचा उद्योगही टाळा. मॉडेल तेच असलं तरी हल्लीच्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात, आणि ती चिप हलवल्याशिवाय डिस्क सहसा चालत नाही.

खटखट येत असेल आणि डेटा पुन्हा मिळण्यासारखा नसेल, तर तुमच्यासाठी हा लेख इथेच थांबतो. डिस्क स्वच्छ-कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत द्या. देताना चार गोष्टी विचारा: काम सुरू करण्याआधी खर्च सांगता का, आधी नक्कल घेता का, डेटा निघाला नाही तर किती आकारता, आणि मूळ डिस्क परत देता का. आणि आधी काय काय करून पाहिलंत ते न लपवता सांगा.

## टप्पा ३: केबल, पोर्ट, वीज

आवाज ठीक असेल, तर आता सगळ्यात स्वस्त कारणं तपासायची. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

पोर्टेबल डिस्क असेल तर यूएसबी हब बाजूला काढा आणि थेट कम्प्युटरला जोडा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. छोटी, अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला याहून जास्त करंट लागू शकतो. लांब, बारीक केबलमध्ये आणखी घट होते. डिस्क जोडल्यावर येते-जाते, येते-जाते असं होत असेल तर आधी वीज आणि केबल याच दिशेने बघा.

वेगळा अडॅप्टर लागणाऱ्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. अडॅप्टरवर छापलेला आकडा वाचा. लॅपटॉपचा चार्जर पिनेत नीट बसतो म्हणून तो लावणारे मी पाहिले आहेत. तो साधारण १९ व्होल्टचा असतो आणि तेवढ्यात डिस्कचा बोर्ड जळू शकतो.

आतली डिस्क असेल तर कम्प्युटर बंद करून, प्लग काढून साटा केबल बदला आणि मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरा. मग बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) डिस्कचं नाव आणि क्षमता बरोबर दिसते का ते बघा. बायॉसमधली तारीखही पाहा. ती जुनी झाली असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपला आहे आणि सेटिंग्ज मूळपदावर गेल्या असतील. त्यात साटाचा मोड बदलला, तर निरोगी डिस्कवरूनही विंडोज सुरू होत नाही.

एन्क्लोजर (पोर्टेबल डिस्कचं बाहेरचं कवच) बिघडल्याचा संशय आला, तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये घालता येते, पण इथे एक फसवणूक आहे. काही पोर्टेबल डिस्कचा छोटा बोर्ड सगळा डेटा सांकेतिक करूनच लिहितो, पासवर्ड ठेवला नसला तरी. अशी डिस्क वेगळी काढून जोडली की ती कोरी किंवा ‘रॉ’ दिसते. घाबरून फॉरमॅट करू नका, आणि तो छोटा बोर्ड फेकू तर अजिबात नका.

तपासा: केबल बदलल्यावर डिस्क उघडली? तर आनंदाने वापरायला लागू नका. महत्त्वाच्या फाइली आत्ता, याच बैठकीत दुसरीकडे उतरवा आणि मग टप्पा ५ करा.

## टप्पा ४: कम्प्युटरला नेमकं काय दिसतंय?

विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. उघडताच ‘इनिशियलाइज डिस्क’ अशी खिडकी आली, तर ती रद्द करा. होकार दिला की पार्टिशनचा नवा, रिकामा तक्ता लिहिला जातो. खालच्या भागात तुमची डिस्क शोधा आणि तिच्यासमोर काय लिहिलंय ते वाचा.

पार्टिशन ठीक, पण ड्राइव्हचं अक्षर नाही. सर्वांत सोपं प्रकरण. राइट क्लिक करून नवं अक्षर द्या.

ऑफलाइन. राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ करा. एका डिस्कची हुबेहूब नक्कल त्याच कम्प्युटरला जोडलेली असेल, तर दोन्हींची ओळखखूण एकच होते आणि विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं. तसं असेल तर ऑनलाइन न करता एक डिस्क काढा.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क सांकेतिक करणारं विंडोजचं कुलूप. कुलपाचं चिन्ह दिसलं तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, कागदावर किंवा कार्यालयाच्या ॲडमिनकडे असू शकते. कीशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर इथे उपयोगी नाही.

रॉ किंवा अनॲलोकेटेड. फाइल सिस्टिमची किंवा पार्टिशनची नोंद वाचता येत नाही. डेटा बहुधा जागेवरच असतो. टप्पा ५ आणि ६ केल्याशिवाय याला हात लावू नका.

क्षमता शून्य किंवा भलतीच, ‘नो मीडिया’, किंवा डिस्क अजिबात दिसत नाही. दुसऱ्या कम्प्युटरवरही तेच असेल, तर बिघाड डिस्कच्या आत आहे. घरी पुढे करण्यासारखं काही नाही, प्रयोगशाळाच.

राहिला ‘ॲक्सेस डिनाइड’. जुन्या कम्प्युटरची डिस्क नव्याला जोडली की हा हमखास येतो, कारण फाइलींचा मालक जुन्या विंडोजमधला वापरकर्ता असतो. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जाऊन ‘ओनर’ बदलला की काम होतं. हे बदल डिस्कवर लिहिले जातात, म्हणून डिस्क निरोगी असल्याचं टप्पा ५ मध्ये पाहूनच करा.

## टप्पा ५: आरोग्य-अहवाल वाचा

हार्ड डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती दाखवतं. ते बिघडलेल्या डिस्कवर नव्हे, चालू डिस्कवर टाका.

वरच्या ‘गुड’ या निळ्या शिक्क्यावर जाऊ नका. मरायला टेकलेल्या डिस्कवरही ‘गुड’ दिसू शकतं. खालच्या यादीतले हे आकडे बघा:

- ५: बदललेले सेक्टर, म्हणजे खराब ठरून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर दिले ते.
- १९७: संशयित सेक्टर, वाचता न आलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे.
- १९८: तपासणीतही वाचता न आलेले.
- १९९: डिस्क आणि तिचा पोर्ट यांच्यातल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुका. दोष बहुतेक केबलचा. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का एवढंच पाहायचं.

या सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक आणि ‘रॉ’ (प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांचा) रकाना सोळाच्या पायावरच्या मोजणीत असतात. त्यामुळे १९७ च्या जागी ‘सी५’ आणि १९९ च्या जागी ‘सी७’ दिसेल. रकान्यातले ६४ म्हणजे आपले १००. सेटिंगमध्ये रकाना दशमान करून घ्या.

१९७ किंवा १९८ शून्यापेक्षा जास्त असेल, तर डिस्क आजारी आहे असं धरून चाला. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअरही उघडा. ‘सिस्टिम’ नोंदींमध्ये ‘डिस्क’ या स्रोताचा इव्हेंट ७ म्हणजे खराब ब्लॉक. इव्हेंट ५५ म्हणजे एनटीएफएसची (विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमची) रचना बिघडली.

तपासा: ५, १९७, १९८ शून्य आणि १९९ मोठा? टप्पा ३ पुन्हा करा.

## टप्पा ६: नक्कल घ्या

हाच या सगळ्याचा गाभा आहे आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. फाइली एकेक करून ओढण्याचा मोह होतो. आजारी डिस्कवर तो घातक ठरतो. खराब सेक्टर आला की विंडोज तिथेच पुन्हा पुन्हा वाचत बसतं, कॉपी अडकते, आपण ती रद्द करून पुन्हा सुरू करतो, आणि डिस्कचा उरलेला जीव एकाच जागी खर्च होतो.

त्याऐवजी पूर्ण डिस्कची सेक्टर-दर-सेक्टर प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली एकच मोठी फाइल, घ्यायची. त्यासाठी मी डीडीरेस्क्यू वापरतो. मोफत आहे, लिनक्सवर चालतं. पेन ड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू हे लिनक्स घालून कम्प्युटर त्यावरून सुरू करा, त्यात ते आधीच असतं. दुसरं कुठलं लिनक्स वापरलंत तर जोडलेल्या डिस्क आपोआप उघडण्याची सोय आधी बंद करा.

आता कामाची रीत:

१. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा चालवून दोन्ही डिस्कची नावं, क्षमता आणि मॉडेल कागदावर लिहा. एकीपुढे ‘आजारी’, दुसरीपुढे ‘रिकामी’.

२. रिकामी डिस्क एनटीएफएस किंवा एक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ही डिस्क आधी उघडून (माउंट करून) ठेवा, आजारी डिस्क उघडायची नाही.

३. आज्ञेतला क्रम असा: आधी मूळ डिस्क, मग प्रतिमेची फाइल, शेवटी मॅपफाइल. पहिल्या फेरीत ‘डॅश एन’ हा पर्याय द्या. त्याने आधी सोपा भाग उचलला जातो आणि अवघड जागी रेंगाळणं पुढे ढकललं जातं.

४. दुसऱ्या फेरीत ‘डॅश डी’ आणि ‘डॅश आर ३’ देऊन तीच प्रतिमा आणि तीच मॅपफाइल वापरा. आता ते फक्त राहिलेल्या जागांवर परत जातं, तीनदा प्रयत्न करतं.

इशारा: एंटर दाबण्यापूर्वी नावं मोठ्याने वाचा. मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क तुमच्या फोटोंवर लिहिली जाईल. लिनक्सला दिलेली ही नावं डिस्क काढून पुन्हा जोडल्यावर बदलू शकतात, म्हणून दुसऱ्या फेरीआधीही ‘एलएसबीएलके’ पुन्हा चालवा.

मॅपफाइल कधीही विसरू नका. कुठला तुकडा वाचला आणि कुठला राहिला याची नोंद तीच ठेवते. डिस्क तापली, लटकली, वीज गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम सोडलं तिथून सुरू होतं. मॅपफाइल न दिल्यास पुन्हा पहिल्यापासून, आणि आजारी डिस्कला ‘पुन्हा’ परवडत नाही.

वेळेचा अंदाज ठेवा. १ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने पावणेतीन तासांत उतरते. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. तेवढा वेळ डिस्क सपाट जागी ठेवा, छोटा पंखा तिच्याकडे वळवा. हालवू नका. अधूनमधून पडद्यावरचा ‘रेस्क्यूड’चा टक्का बघा. तो वाढत असेल तर तिला तिचं काम करू द्या. मध्येच खटखट सुरू झाली तर ताबडतोब बंद करा. आतापर्यंत उतरलेला भाग प्रतिमेत सुरक्षित आहे.

डिस्क निरोगी असेल आणि फक्त ‘रॉ’ झाली असेल तरी नक्कल घ्याच. पुढच्या टप्प्यात चूक झाली तर परत यायला जागा हवी.

## टप्पा ७: आता दुरुस्ती, तीही नक्कलीवर

मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा. इथून पुढचं सगळं प्रतिमेवर, आणि जागा असेल तर प्रतिमेच्याही प्रतीवर.

टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर प्रतिमा थेट उघडतं. ‘ॲनलाइज’ आणि मग ‘क्विक सर्च’ केलं की हरवलेली पार्टिशनं दिसतात. पार्टिशनवर थांबून ‘पी’ दाबा, आतल्या फाइलींची यादी येईल. ओळखीची फोल्डरं दिसली की ती निवडून ‘सी’ने वेगळ्या डिस्कवर उतरवा. अनेकदा काम इथेच संपतं, ‘राइट’ला हात लावायची गरजच पडत नाही. एनटीएफएसचा बूट सेक्टर बिघडला असेल, तर त्याची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते. ‘ॲडव्हान्स्ड’मधल्या ‘बूट’मध्ये जाऊन ती पुढे आणता येते.

यादी रिकामी आली तर फोटोरेक. ते फाइलींच्या अंतर्गत खुणा ओळखून त्या उचलतं. नावं आणि फोल्डरं मिळत नाहीत, आणि तुकड्यांत विखुरलेल्या मोठ्या फाइली, विशेषतः व्हिडिओ, अर्धवट निघू शकतात. म्हणून हा शेवटचा मार्ग.

चेकडिस्कची पाळी आता येते. तिचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नाही. जे जुळत नाही ते ती कापून टाकते. ‘स्लॅश आर’ लावली तर ती प्रत्येक सेक्टर वाचते, म्हणून आजारी डिस्कवर ती कधीच नको.

एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) असेल तर: आवाजाचा टप्पा सोडा, बाकी क्रम तसाच. फाइली चुकून डिलीट झाल्या असतील तर तिची वीज लगेच काढा. ट्रिम या सोयीमुळे डिलीट झालेल्या फाइलींची मोकळी जागा आतल्या आत पुसली जाते, आणि एकदा पुसली की ती सॉफ्टवेअरने परत येत नाही.

## टप्पा ८: मिळालं ते खरंच मिळालं का?

फाइलचं नाव आणि आकार दिसला म्हणजे फाइल निघाली असं होत नाही. न वाचलेल्या सेक्टरच्या जागी शून्यं भरलेली असतात. फोटो मोठे करून पाहा, कारण खालचा अर्धा भाग करडा असलेला फोटो छोट्या चित्रात चांगला दिसतो. व्हिडिओ मधूनच आणि शेवटाकडून चालवा. झिप फाइली उलगडून पाहा. हिशेबाच्या फाइली ज्या सॉफ्टवेअरच्या आहेत त्यातच उघडा.

हे होईपर्यंत मूळ डिस्क तशीच ठेवा. फॉरमॅट केल्यावर ती ‘चालायला’ लागेल, १९७ चा आकडा शून्यावरही येईल, कारण नव्याने लिहिताना संशयित सेक्टरांचा निकाल लागतो. म्हणून ती बरी झाली असं समजून पुन्हा वापरात घेऊ नका. तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि ‘खराब, वापरू नये’ असं लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी घरातलं कुणी तरी बॅकअपसाठी तीच उचलेल.